क्रूझवर चढण्याचा दिवस सुरळीत जावा म्हणून: कागदपत्रांपासून पहिल्या संध्याकाळपर्यंत

जहाजावर पोहोचल्यानंतर बहुतेक अडचणी सुटतात. टूथपेस्ट विसरली तर तिथल्या दुकानात मिळते, कपडे चुरगळले तर लाँड्री असते, जेवणाची वेळ गैरसोयीची मिळाली तर विनंती करून बदलता येते. पण अपुरा कागद आणि उशीर यांवर जहाजावरचा कुणीही माणूस इलाज करू शकत नाही. सगळे पैसे भरून झालेले, पोरं नवे कपडे घालून उभी, आणि काउंटरवरून कुटुंबाला परत फिरावं लागतं, हे दृश्य बघवत नाही. त्यातून जास्त वाईट याचं वाटतं की अडलेली गोष्ट दोन महिने आधी कुणाच्या लक्षात आली असती, तर ती सहज निस्तरली असती. म्हणून या लेखात कागद आणि वेळ या दोन विषयांना मुद्दाम जास्त जागा दिली आहे. सामान, केबिन आणि बाकीच्या गोष्टी त्यांच्या मागून येतील.

जहाजाचा तो दिवस कसा असतो

आपल्या सहलीचा पहिला दिवस म्हणजे आधीच्या सफरीचा शेवटचा दिवस. जहाज पहाटे धक्क्याला लागतं, साधारण नऊ-दहापर्यंत जुने प्रवासी उतरतात, साडेदहा-अकरापासून नवे चढू लागतात आणि दुपारी चार-पाचच्या सुमारास जहाज निघतं. मधल्या वेळात हजारो बिछाने बदलायचे, केबिन धुऊन-पुसून तयार करायच्या, आठवडाभराचा शिधा आणि इंधन भरायचं. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या सफरीला निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजावर जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी मावतात. एवढी माणसं एका दिवसात उतरवायची आणि तेवढीच पुन्हा चढवायची, म्हणजे केवढं काम असेल याची कल्पना करा.

हे एकदा समजलं की त्या दिवसाचे सगळे नियम समजतात. प्रत्येकाला येण्याची ठरावीक वेळ दिलेली असते ती यासाठी. केबिन बहुधा एक-दीडच्या आधी उघडत नाही ती यासाठी. मोठी बॅग दाराशी येईपर्यंत संध्याकाळ होते तीही यासाठीच. आणि चेक-इन बंद होण्याची वेळ कुणासाठीही पुढे सरकत नाही.

दोन-तीन महिने आधी: कागदपत्रं

पासपोर्टपासून सुरुवात करा. सफर संपण्याच्या तारखेनंतर किमान सहा महिने तो चालू असावा, अशी अट अनेक देश आणि बहुतेक क्रूझ कंपन्या घालतात. इथे सफर *संपण्याची* तारीख धरायची. लोक निघण्याची तारीख धरून हिशोब करतात आणि दोन आठवड्यांनी कमी पडतात. त्यानंतर पासपोर्ट समोर उघडा ठेवून बुकिंगवरचं प्रत्येकाचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. आडनाव आणि नाव यांची अदलाबदल, मधलं नाव गळणं, लग्नानंतर बदललेलं आडनाव एका कागदावर नवं आणि दुसऱ्यावर जुनं, या चुका रोज होतात. आधी कळवलं तर कंपनी त्या बहुधा सहज दुरुस्त करून देते. टर्मिनलवर तीच चूक सापडली तर तुमची रांग थांबते आणि जीव टांगणीला लागतो.

आता व्हिसा. क्रूझच्या बाबतीत सर्वांत जास्त गफलत इथे होते, कारण जहाज एका सफरीत चार देशांच्या हद्दीत शिरतं आणि बाहेर पडतं. एक उदाहरण घेऊ. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून निघालेलं जहाज ग्रीक बेटं करतं, मध्ये तुर्कस्तानात कुशादासीला थांबतं आणि परत ग्रीसमध्ये येतं. तुर्कस्तान शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. म्हणजे जहाज कुशादासीला गेलं की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात आणि परतताना पुन्हा आत आलात. एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा असेल तर तो पहिल्या प्रवेशातच वापरून झालेला असतो. अशा मार्गासाठी अनेक प्रवेशांचा व्हिसा हवा आणि तुर्कस्तानचे नियम वेगळे बघायला हवेत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आला, त्यामुळे दुब्रोवनिकच्या थांब्याबद्दलची जुनी माहिती आता लागू होत नाही. ओळखीच्या कुणीतरी पाच वर्षांपूर्वी केलेल्या सफरीवर विसंबू नका, ते याच कारणासाठी.

“आम्ही त्या बंदरात उतरणारच नाही, जहाजावरच बसून राहू” असं म्हणून व्हिसा टळेल, हा समज अनेकांचा असतो. काही देशांत ते चालतं, पण बऱ्याच ठिकाणी जहाज त्यांच्या बंदरात लागणार म्हणजे जहाजावरच्या प्रत्येकाकडे प्रवेशाची परवानगी हवी, असाच नियम आहे. आणि मार्गातल्या एका जरी बंदराचा कागद कमी असला तरी कंपनी पहिल्याच बंदरात तुम्हाला चढू देत नाही. या कारणाने प्रवास नाकारला तर भाडं परत मिळत नाही, हे कंपन्यांच्या अटींत स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणून मार्गातल्या प्रत्येक बंदराचं नाव एका कागदावर उतरवा, समोर देश लिहा, आणि त्या देशाच्या दूतावासाच्या किंवा अधिकृत इमिग्रेशन संकेतस्थळावरून तुमच्या पासपोर्टला काय लागतं ते स्वतः बघा. एजंटला विचारायचं जरूर, पण जबाबदारी शेवटी प्रवाशाचीच धरली जाते.

काही मार्गांवर पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं. लस घेतल्यावर ते दहा दिवसांनी वैध होतं, तेव्हा शेवटच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. जुनं प्रमाणपत्र असेल तर चांगली गोष्ट अशी की ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी वैध धरलं जातं.

लहान मुलं बरोबर असतील तर वयाची अट बघा. अनेक कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला घेत नाहीत, आणि समुद्रात सलग बरेच दिवस जाणाऱ्या किंवा महासागर ओलांडणाऱ्या सफरींवर बाळ एक वर्षाचं असावं लागतं. मूल आईवडिलांपैकी एकाबरोबरच किंवा आजी-आजोबा, मावशी, काका यांच्याबरोबर जाणार असेल तर न आलेल्या पालकांचं नोटरी केलेलं संमतीपत्र बरोबर ठेवा. गरोदर स्त्रियांसाठी बहुतेक ठिकाणी २४ आठवड्यांची मर्यादा असते, आणि ती सफर संपण्याच्या दिवशी मोजली जाते. निघताना बावीस आठवडे असतील आणि सफर पंधरा दिवसांची असेल, तर चढू देणार नाहीत. त्याआधीच्या महिन्यांतही डॉक्टरांचं पत्र मागतात.

प्रवास विमा घेताना त्यात वैद्यकीय स्थलांतर आहे का ते बघा. जहाजावरचा दवाखाना प्राथमिक उपचार चांगले देतो, पण मोठं काही झालं तर रुग्णाला किनाऱ्यावर हलवावं लागतं आणि तो खर्च छाती दडपणारा असतो.

सगळं जमलं की पासपोर्ट, व्हिसा, विमा, औषधांची चिठ्ठी यांच्या दोन-दोन प्रती काढा. एक संच कागदावर आणि एक फोनमध्ये, इंटरनेटशिवाय उघडेल असा. काही मार्गांवर जहाज चढतानाच पासपोर्ट जमा करून घेतं आणि शेवटी परत देतं. मधल्या बंदरांत उतरताना तेव्हा ही प्रतच तुमच्या हातात असते.

ऑनलाइन चेक-इन

सफरीच्या काही आठवडे आधी चेक-इन उघडतं. नेमका दिवस प्रत्येक कंपनीचा वेगळा. तो दिवस कॅलेंडरवर नोंदवून ठेवा, कारण टर्मिनलवर येण्याच्या वेळा याच टप्प्यावर निवडायच्या असतात आणि सोयीच्या वेळा पटकन संपतात. लागणारी माहिती ठरलेली: पासपोर्टचा तपशील, पार्श्वभूमी साधी असलेला चेहऱ्याचा फोटो, आणीबाणीत कुणाला फोन करायचा त्याचं नाव, आणि जहाजावरच्या खर्चासाठी कार्ड. फोटो चांगल्या उजेडात काढा. तो नाकारला गेला की काउंटरवर पुन्हा काढण्याच्या रांगेत जावं लागतं.

कार्डाबद्दल थोडं सविस्तर. जहाजावर रोख पैसे जवळपास चालत नाहीत. सगळा खर्च केबिनच्या खात्यावर चढतो आणि तो या कार्डातून वळता होतो. कर्मचाऱ्यांसाठीची दैनंदिन सेवा रक्कमही अनेक कंपन्या आपोआप याच खात्यात लावतात. डेबिट कार्ड दिलं तर जहाज वेळोवेळी अंदाजे रक्कम अडवून ठेवतं, आणि अडवलेले पैसे सफर संपल्यावरही काही दिवस मोकळे होत नाहीत. शक्य असेल तर क्रेडिट कार्डच द्या, त्यावर परदेशी व्यवहार चालू आहेत याची खात्री करा आणि बँकेला प्रवासाच्या तारखा कळवून ठेवा.

येण्याची कोणती वेळ निवडावी? जहाजावरचा प्रत्येक तास हवा असणारे पहिली वेळ घेतात आणि त्यांना ते मानवतं. पण बरोबर वृद्ध माणसं किंवा तान्ही मुलं असतील तर मी बाराच्या आसपासची वेळ सुचवेन. आत शिरून जेवण होईपर्यंत केबिन तयार होते आणि कुणाला हातातल्या बॅगा घेऊन डेकवर ताटकळावं लागत नाही. सर्वांत शेवटची वेळ मात्र घेऊ नका. त्यात चुकीला जागाच उरत नाही.

चेक-इन झाल्यावर बोर्डिंग पास आणि लगेज टॅग मिळतात. पास फोनमध्ये असला तरी कागदावर छापून घ्या. बंदराच्या दाराशी नेटवर्क गर्दीने बसलेलं असतं. कंपनीचं अॅपही घरूनच उतरवून त्यात लॉग-इन करून ठेवा.

विशेष गरजा असतील तर याच सुमारास लेखी कळवा: व्हीलचेअर, पथ्याचा आहार, अन्नाची अॅलर्जी, इन्सुलिनसाठी फ्रिज, झोपेत लावायच्या सीपॅप यंत्रासाठी लांब वायर आणि शुद्ध पाणी. उत्तर आलं की तो ईमेल छापून जवळ ठेवा. पेयांचं पॅकेज, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली आणि गाजलेल्या कार्यक्रमांच्या जागाही आधी घेतलेल्या बऱ्या. पॅकेजं जहाजावर चढल्यावर बहुधा महाग मिळतात.

बंदरापर्यंत पोहोचणं

विमानाने जाणार असाल तर आदल्या दिवशी त्या शहरात पोहोचा. यात मी कुणालाही सूट देणार नाही. विमान तीन तास उशिरा येणं ही रोजची गोष्ट आहे, बॅग दुसऱ्या विमानाने येणं हीसुद्धा. विमान हुकलं तर पुढचं मिळतं, पण जहाज हुकलं तर पुढचं बंदर दुसऱ्या देशात असतं. तिथे गाठायचं म्हटलं तर नवं तिकीट, नवा मुक्काम आणि कदाचित नवा व्हिसा. अमेरिकेत त्यात आणखी एक गुंता आहे: १८८६ च्या कायद्यानुसार परदेशी ध्वजाचं (म्हणजे परदेशात नोंदलेलं) जहाज अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या अमेरिकी बंदरात प्रवासी वाहून नेऊ शकत नाही, म्हणून मधूनच चढण्याची परवानगी काही मार्गांवर मिळतच नाही. एका रात्रीचं हॉटेल या सगळ्यापुढे फार स्वस्त आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे बंदर नेमकं कुठे आहे. जाहिरातीत ‘रोम’ लिहिलेलं असतं, पण जहाज लागतं सिव्हितावेक्कियाला, शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर. ‘लंडन’ म्हणजे बहुतेक वेळा साउदॅम्प्टन, सुमारे १३० किलोमीटर. ‘पॅरिस’ म्हणजे ल आव्र, जवळपास २०० किलोमीटर. ‘बँकॉक’ म्हणजे लेम चबांग, तेही शंभरावर किलोमीटर दूर. शहराच्या मध्यात हॉटेल घेतलं तर सकाळच्या प्रवासाला दोन-अडीच तास धरावे लागतात. म्हणून आदल्या रात्रीचा मुक्काम शक्यतो बंदराजवळच्या गावात ठेवा.

एकाच शहरात दोन टर्मिनल असू शकतात हेही ध्यानात असू द्या. सिंगापूरला मरिना बे आणि हार्बरफ्रंट अशी दोन वेगळी क्रूझ टर्मिनल आहेत. मायामी आणि बार्सिलोनाला तर एकाच बंदरात कितीतरी आहेत. टॅक्सीवाल्याला ‘क्रूझ टर्मिनल’ एवढंच सांगून भागत नाही; टर्मिनलचं नाव, अक्षर किंवा क्रमांक आणि जहाजाचं नाव सांगा. शेवटच्या आठवड्यात कंपनीकडून येणारा ईमेल लक्षपूर्वक वाचा, कारण टर्मिनल किंवा वेळ ऐनवेळी बदललेली असेल तर ती त्यातच कळवलेली असते.

आणि शेवटची मर्यादा. तिकिटावर पाच वाजता प्रस्थान लिहिलेलं असतं, पण चेक-इन त्याच्या तास-दीड तास आधी बंद होतं, काही ठिकाणी त्याहूनही आधी. अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजाला प्रवाशांची अंतिम यादी प्रस्थानाच्या किमान ६० मिनिटं आधी सरकारकडे द्यावी लागते. यादी गेली की जहाज समोर उभं असूनही तुम्हाला चढता येत नाही. उशीर होतोय असं दिसलं तर पोहोचून सांगू असा विचार न करता वाटेतूनच कंपनीच्या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करा. तो क्रमांक बोर्डिंग पासवर असतो. फोनमध्ये आधीच जतन करून ठेवा.

सामान: दोन वेगळे ढीग

बॅगा भरायच्या आधी पलंगावर दोन ढीग करा. एक, जो टर्मिनलच्या दाराशी हमालाच्या हाती जाणार आणि संध्याकाळी सात-आठपर्यंत दिसणार नाही. दुसरा, जो पूर्ण दिवस तुमच्या खांद्यावर असणार.

खांद्यावरच्या बॅगेत सर्वांत आधी पासपोर्ट, व्हिसा आणि पास. पासपोर्ट मोठ्या बॅगेत राहिला आणि बॅग बेल्टवरून आत गेली, ही प्रत्येक टर्मिनलवर वारंवार घडणारी गोष्ट आहे. हजारो बॅगांतून ती एक शोधून काढेपर्यंत माणूस अर्धमेला होतो. हमालाला बॅग देण्याआधी सगळ्या कुटुंबाचे पासपोर्ट हातात धरून मोजा, ही सवय लावून घ्या. त्याच बॅगेत पूर्ण सफरीची औषधं मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह, चष्मा, दागिने, लॅपटॉप, चार्जर, पॉवर बँक, एक हलका स्वेटर, मुलांच्या गरजेच्या वस्तू आणि पोहण्याचे कपडे. दुपारी तलाव तुलनेने मोकळा असतो, आणि पोरं तो बघून थांबणार नाहीत. संध्याकाळच्या जेवणाला कपड्यांचा नियम असेल तर एक नीट जोडही वर ठेवा. बॅग उशिरा आली तरी अडचण होत नाही. मात्र ही बॅग सगळा दिवस वागवायची आहे, तेव्हा ती जड करू नका.

मोठ्या बॅगेला छापलेला टॅग नीट घडी घालून, स्टेपल करून किंवा पारदर्शक कव्हरात लावा. तो विमानात जाण्यापूर्वी लावू नका. बेल्टवर फाटून जातो. जहाजाच्या दिवशी सकाळी हॉटेलमध्ये लावायचा आणि त्याच वेळी विमान कंपनीच्या जुन्या पट्ट्या काढून टाकायच्या. टॅगवर केबिन क्रमांक असतो. ज्यांनी केबिन नेमकी न निवडता स्वस्त दरात ‘मिळेल ती’ घेतली आहे, त्यांना क्रमांक उशिरा मिळतो; टॅग त्यानंतर पुन्हा छापावा लागतो. बॅगेच्या आतही नाव, फोन आणि केबिन क्रमांकाची चिठ्ठी ठेवा. बाहेरचा टॅग निघाला तर हीच चिठ्ठी कामी येते.

काय नेऊ नये? समुद्रावर सर्वांत मोठी भीती आगीची, आणि बंदी घातलेल्या वस्तूंच्या यादीमागे बहुतेक तीच असते. इस्त्री, कपड्यांना वाफ देणारं यंत्र, पाणी उकळायची किटली, मेणबत्त्या, उदबत्त्या हे सगळं घरी राहू द्या. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारी सोय) असलेला एक्स्टेंशन बोर्ड अनेकांना निरुपद्रवी वाटतो. पण जहाजावरची वीजव्यवस्था जमिनीवरच्यासारखी नसते: तिथे अनेकदा दोन्ही तारांत विद्युतदाब असतो, आणि घरगुती सर्ज प्रोटेक्टर एकच तार तोडतो. त्यामुळे बिघाड झाला तरी वीज चालू राहते आणि बोर्ड तापून पेट घेऊ शकतो. काही कंपन्यांनी आता सगळ्याच एक्स्टेंशन बोर्डांवर बंदी घातली आहे. अनेक यूएसबी खाचा असलेला साधा चार्जर न्या, त्यावर सगळ्यांचे फोन भागतात. मोठ्या पात्याची सुरी, ड्रोन आणि दारू यांचे नियम कंपनीगणिक वेगळे आहेत. यादी संकेतस्थळावर असते, ती एकदा वाचून काढा.

एक छोटी सूचना, जी वर्षानुवर्षं क्रूझ करणारे एकमेकांना देतात: केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे चार हुक नेले तर टोप्या, ओले कपडे, कागद टांगायची छान सोय होते.

तो दिवस, टर्मिनलवर

सकाळी पोटभर खाऊन निघा, पाण्याची बाटली घ्या. दिलेल्या वेळेच्या फार आधी जाऊ नका. बाहेर थांबवतात आणि तिथे सावली असेलच असं नाही. क्रम सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखाच असतो. आधी हमालाकडे मोठ्या बॅगा. मग क्ष-किरण तपासणी. मग काउंटरवर पासपोर्ट, व्हिसा, पास. आरोग्याचा छोटा फॉर्म. फोटो. आणि मग जहाजाला जोडलेला पूल.

आरोग्याच्या फॉर्मवर ताप, उलट्या, जुलाब याबद्दल विचारतात. तिथे खरं ते लिहा. होकारार्थी उत्तर दिलं की लगेच परत पाठवतात असं नाही, बहुधा आधी परिचारिका येऊन बोलते. बंद जागेत उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस वणव्यासारखा पसरतो आणि त्यात सर्वांत जास्त भरडली जातात ती म्हातारी माणसं. हाच विषाणू अल्कोहोलच्या जेलने नीट मरत नाही, म्हणून जहाजावर जेवणाआधी साबण-पाण्यानेच हात धुवायचे.

केबिनचं कार्ड टर्मिनलवर मिळतं किंवा केबिनच्या दाराशी ठेवलेलं असतं. तेच किल्ली, तेच पैशाचं पाकीट आणि बंदरात चढ-उतार करताना तेच ओळखपत्र. त्यावर एक अक्षर किंवा क्रमांक छापलेला असतो, तो तुमच्या मस्टर स्टेशनचा, म्हणजे आणीबाणीत जमायच्या जागेचा.

आत गेल्यावर

पहिलं काम मस्टर ड्रिल, म्हणजे आणीबाणीत काय करायचं याची तालीम. जेवण, तलाव, फोटो सगळं नंतर. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळलं आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी सिव्हितावेक्कियाला चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल झालंच नव्हतं, कारण तेव्हाच्या नियमाने ते २४ तासांत घेतलं तरी चालत असे. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून हे ड्रिल जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी घेणं बंधनकारक झालं. आज अनेक जहाजांवर अर्धं काम फोनवर होतं: अॅपमध्ये चित्रफीत बघायची, मग आपल्या स्टेशनवर प्रत्यक्ष जाऊन कार्ड दाखवायचं. पाच मिनिटं लागतात. पण ती पाच मिनिटं मन लावून द्या. आणीबाणीचा इशारा असतो सात किंवा जास्त लहान भोंगे आणि एक लांब भोंगा. केबिनपासून स्टेशनपर्यंतची वाट जिन्याने एकदा मुलांना घेऊन चाला, कारण त्या वेळी लिफ्ट वापरायच्या नसतात.

दुसरं काम, राहिलेली आरक्षणं. उपाहारगृह, कार्यक्रम, मुलांच्या क्लबची नोंदणी. पथ्य किंवा अॅलर्जी असेल तर पहिल्याच दुपारी मुख्य भोजनगृहाच्या प्रमुखाला प्रत्यक्ष भेटा आणि छापलेला ईमेल दाखवा. जेवणासाठी सगळे बुफेकडे धावतात. बऱ्याच जहाजांवर मुख्य भोजनगृह किंवा एखादं लहान उपाहारगृहही पहिल्या दुपारी उघडं असतं आणि तिथे निवांत बसायला मिळतं. चढताना कर्मचाऱ्यालाच विचारा.

केबिन उघडली की लाइफ जॅकेट किती आहेत ते बघा आणि मुलांच्या मापाची नसतील तर लगेच मागा. काही जहाजांवर ती केबिनऐवजी स्टेशनवर ठेवतात, ते ड्रिलमध्ये सांगतात. पलंग जोडलेला हवा की वेगळा, एसी आणि फ्लश चालतात का, तिजोरी उघडते-मिटते का, हे सगळं पहिल्या तासात तपासून सांगितलं तर काम त्याच दिवशी होतं. पासपोर्ट तिजोरीत ठेवा. जहाज लागण्याची सवय असेल तर डॉक्टरांनी दिलेली गोळी जहाज सुटण्याआधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

किनारा सुटायच्या आत फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि जहाजाचं वायफाय चालू करा. तसं केलं नाही तर फोन जहाजावरचं उपग्रहाचं मोबाइल नेटवर्क पकडतो आणि त्याचं बिल डोळे पांढरे करतं. कंपनीचं अॅप बहुतेक जहाजांवर इंटरनेट पॅकेज न घेताही वायफायवर चालतं.

मोठी बॅग रात्री नऊपर्यंत आली नाही तर आधी कॉरिडॉरमध्ये आजूबाजूच्या दारांशी नजर टाका, चुकून शेजारच्या केबिनला लागलेली असते. तिथे नसेल तर गेस्ट सर्व्हिसेसला जा. बॅगेत इस्त्री किंवा बाटलीसारखं काही दिसलं तर ती सुरक्षा विभागात अडवून ठेवतात आणि तुमच्यासमोर उघडतात. निरोप ठेवलेला असतो, पण तो बघायचा राहून जातो. वस्तू पावती देऊन जमा करतात आणि बहुधा शेवटच्या दिवशी परत देतात.

झोपण्यापूर्वी अॅपमध्ये किंवा दाराशी आलेल्या पत्रकात उद्याचं वेळापत्रक बघा. बंदरात उतरायचं असेल तर जहाजावर परतण्याची शेवटची वेळ वेगळी लिहून घ्या, आणि ती जहाजाच्या घड्याळाची आहे की बंदराच्या, हे नक्की विचारा. फोनमधलं घड्याळ किनाऱ्यावर गेल्यावर आपोआप बदलतं. जहाजाचं बदलेलच असं नाही. मनगटावर एक साधं घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवलेलं बरं.